खाल्ल्या मिठाला

टँकर मागे घेताना मागे कोणी बघत नव्हतं,
एवढंच घडलं.
अडुसष्टची स्टँडर्ड हेराल्ड, फिक्कट निळी,
गव्हाणपाड्यात आमच्या अंगणात उभी होती,
ती बसली.

छप्पर सीटला टेकलं. मागची काच
खडीसाखरेसारखी सांडली.
विम्याचा माणूस फोटो काढून गेला.
कुर्ल्याचा अन्सार तीन फेऱ्या मारून
अठरा हजार म्हणाला, माझ्याकडे न बघता.

बाबा काहीच बोलले नाहीत.
चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
हिराजी टर्नर,
केसाच्या जाडीवरून फोरमनशी भांडलेला.
ह्या गाडीत चढताना आम्हाला चपला हातात घ्यायला लावायचे.
दादाने चणे सांडले म्हणून
सोनापूरच्या नाक्यावर उतरवलं होतं त्याला.
चिखल दिसला की वळसा. डबकं दिसलं की वळसा.
अर्धं आयुष्य वळशात गेलं त्या गाडीचं.

मी म्हटलं, निदान चासी तरी बघू.
हेराल्डचं कातडं वेगळं, हाडं वेगळी,
बोल्ट सोडवले की अंग उचलून बाजूला ठेवता येतं.
दोन ठिकाणी गंज, बाकी सरळ.
खाडीचा वारा, दुसरं काय.
आजोबा मिठागरात राबले,
आम्ही खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं.
लोखंडाचं उलटं असतं.
तिथे मीठच खातं,
आणि कोणाला जागत नाही.

काय करायचं ते कोणी ठरवलं नाही.
अन्सारकडे जीपचे दोन अ‍ॅक्सल पडले होते,
दोन वेगळ्या जीपचे, रंगसुद्धा वेगळे.
मग ट्रान्सफर केस आली. मग पाटे.
मग टायर आले, माझ्या कमरेला लागणारे,
ते मावेनात.
म्हणजे मडगार्ड कापायचे.

तिथे माझा हात थांबला.
ग्राइंडर फिरतोय, मी उभी.
दर रविवारी मलमलने पुसलेला तो निळा.

बाबा आत गेले. आईच्या शिवणाच्या डब्यातला
चपटा गुलाबी खडू घेऊन आले.
मडगार्डवर कमान काढली,
मागे सरून एक डोळा मिटला,
पुसली. पुन्हा काढली, दोन सूत वर.
"हितून घे, बाय. टायर वळला पायजे ना पुरा."

नंतर छप्पर गेलं, पाण्याच्या पाइपांचा पिंजरा आला.
ठिणग्या बघून कमलमावशी वाळत घातलेले पापड
आत नेता नेता म्हणाली, रणगाडा करताव का रे?
प्रॉपेलर शाफ्ट तीनदा थरथरला.
बाबांनी भांडुपला जुन्या दोस्ताच्या लेथवर
फ्लँज स्वतः कातला, शहात्तराव्या वर्षी,
आणि घरी आणला रुमालात, पेढ्यासारखा.

आरटीओचा एजंट हसला.
म्हणे, ही रस्त्यावर चालायची नाही.
रस्त्यावर नेतंय कोण?
आमचं अंगण संपतं तिथे बांध सुरू होतो.

माघात निघालो. मिठागराचा राखणदार
ओळखीचा, त्याने दुसरीकडे तोंड केलं.
बाबा चढले. गालिचा नाही, चटई नाही,
तळाला पाणी जायला मीच पाडलेली भोकं,
तरी चपला हातात.
समोर खाजणाचा काळा चिखल.
सवयीने मी डावीकडे ओढली.
त्यांनी स्टिअरिंगवर दोन बोटं टेकवली,
लेथच्या चाकावर ठेवायचे तशी,
आणि चाक सरळ केलं.

अडकलो, अर्थात. दोन्ही अ‍ॅक्सलांपर्यंत.
फळी टाकली, पोतं टाकलं, मी लो गिअरमध्ये,
बाबा मागून रेटतायत, गुडघ्यांपर्यंत आत,
गालावर, बनियनवर, चष्म्यावर चिखल,
ओरडतायत, "अजून दे! अजून!"

डॅशबोर्डवर त्यांच्या चपला.
कोरड्या.